चालवणाऱ्याचं नाव

त्या दिवशी मोटारसायकलची चावी मी स्वतः त्याच्या हातात दिली होती. त्याने ती खिळ्यावरून न विचारता काढून नेली नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, खात्यातल्या माणसांना नाही. आणि जिथे सांगायला हवं होतं, तिथे मी नेमकं उलटं सांगून आलो.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात ऑपरेटर आहे. कायम नोकरी, पंचवीस वर्षं झाली. घर चिंचणीला. ज्याला चावी दिली तो माझ्या हाताखाली हेल्पर होता, ठेकेदाराचा माणूस. विक्रमगडच्या पुढे डोंगरात त्याचा पाडा. पावसाळ्यात घरची नाचणी-वरी आणि एरवी बोईसरला खोली, असं करत करत तो नऊ वर्षं माझ्याबरोबर टिकला होता. मास्कआडून बोललेलं त्याला कळायचं. मी नुसता हात वर केला, की कुठला व्हॉल्व्ह ते न सांगता तो बंद करायचा.

आमच्या खात्यात पॅनेलच्या शेजारी भिंतीत एक खिळा आहे. पाळीवर आलेला माणूस गाडीची चावी त्याला अडकवतो. कुणाला औषध आणायचं असतं, कुणाला पाहुण्याला स्टेशनवर सोडायचं असतं. सांगायचं, चावी काढायची, जायचं, येताना थोडं पेट्रोल टाकायचं. दुसरी रीत हजेरीची. ठेक्यावरचा माणूस पाळीच्या मध्ये घटकाभर जरी गेला तरी त्याचा अख्खा दिवस कापतात, वर महिन्याचा हजेरी-भत्ता जातो. म्हणून आम्ही हजेरी सांभाळतो. हजेरीचा कागद ऑपरेटर भरतो, सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा. अडचणीतल्या माणसापुढे आम्ही दोन्ही वेळा ‘हजर’ लिहितो. सगळे ऑपरेटर लिहितात. मॅनेजरलाही ते माहीत असतं, फक्त त्याच्यासमोर कागदावर येता कामा नये.

त्या दिवशी पहिली पाळी होती. साडेनऊच्या सुमाराला त्याला फोन आला. बायकोला पहाटे गाववाल्यांनी जीपमध्ये घालून पालघरला बाळंतपणासाठी आणलं होतं. तो माझ्यापाशी आला तेव्हा त्याने हातमोजेसुद्धा काढले नव्हते.

“दादा, रक्त पायजे म्हणतात. दोन बाटल्या. रक्तपेढीत मीच जाऊन आणायच्या.”

“मग उभा काय राहिलास?”

“हजेरी?”

“मी बघतो. तू नीघ.”

मी खिळ्यावरची चावी काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि सांगितलं, दुसरा गिअर सुटतो, चढाला जपून. दहाच्या चहाला सगळे गेटबाहेरच्या टपरीवर जातात, त्यांच्यात मिसळून तो बाहेर पडला. अडीचला परत आला. “मुलगी झाली दादा. दोघी बऱ्या हायेत,” म्हणाला आणि लगेच झाडू घेऊन कामाला लागला. तोवर मी त्याच्या नावापुढे दुसरं ‘हजर’ लिहून टाकलेलं होतं.

तीन आठवड्यांनी माझ्या घरी रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. वकिलामार्फत. पालघरला रक्तपेढीच्या बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर एक ठेकेदार पैसे घेऊन गाड्या लावून देतो, त्याची. ‘आपल्या नावे नोंद असलेले वाहन’ एका तासाच्या मुदतीपेक्षा जास्त वेळ उभं होतं, म्हणून दोन हजार चारशे रुपये दंड, पंधरा दिवसांत भरा, न भरल्यास वाहन दिसेल तिथे साखळी लावण्यात येईल. सोबत माझ्या गाडीचे दोन फोटो, खाली वेळ. अकरा दहा आणि एक पंचावन्न.

माझं डोकं फिरलं. दंड करणारा हा कोण? पोलीस? नगरपालिका? कुणाचा तरी प्लॉट भाड्याने घेऊन दोरी बांधायची, वीस रुपयांची पावती फाडायची, आणि वर दंड! तोही कुणाला, तर शेजारच्या इमारतीतून रक्ताची बाटली आणायला धावणाऱ्या माणसाला! त्याने वीस रुपये दिले होते, पावती खिशात होती. तासाची मुदत त्याला कुणी सांगितलीच नव्हती.

मी नोटीस कामावर नेली आणि त्याला दाखवली. त्याचा चेहरा उतरला.

“दादा, मी भरतो. माझ्यामुळं झालं. दोन पगारांत देतो.”

“एक रुपया द्यायचा नाही.”

“मोठी माणसं हायेत ती. आपल्याला भांडण परवडत नाय.”

“तुला नाही परवडत. मला परवडतं. गाडी माझ्या नावावर आहे ना? मग मी बघतो.”

हे वाक्य मी त्याच दिमाखात म्हटलं होतं. आज आठवलं की मला माझीच जीभ खेचावीशी वाटते. तो पैसे भरायला तयार होता. दोन महिने मीठ-भाकर खाऊन त्याने भरले असते आणि आज कामावर असता. मी त्याला भरू दिले नाहीत आणि स्वतःही भरले नाहीत. दोन हजार चारशे मला जड नव्हते. त्याच महिन्यात मी भिंतीवर टांगायचा नवा टीव्ही घेतला होता.

सुट्टीच्या दिवशी मी पालघरला जाऊन तो प्लॉट बघितला. पावत्या फाडणारा एक वयस्क माणूस स्टुलावर बसला होता. मी विचारलं, तासाची मुदत कुठे लिहिलीय? त्याने मागे बोट दाखवलं. तिथे कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भलाथोरला फलक.

“बोर्ड है ना साहब. नेताजी के पीछे है.”

“मग नेताजींना बाजूला करा.”

“हम करें? आप करके दिखाओ, चाय मैं पिलाता हूँ.”

मी फलकाच्या मागे वाकून बोर्डाचा फोटो काढला, समोरूनही एक काढला. आता सुटका नाही त्यांची, असं वाटून मी खूश होऊन परतलो. दुसऱ्या दिवशी खात्यात सगळ्यांना फोटो दाखवले. “आता ह्याला काळा कोट शिवायला टाका रे,” कुणी तरी म्हणालं. मला ते आवडलं. घरी फारसा न बोलणारा माणूस मी. पंचवीस वर्षांत कुणाशी आवाज चढवला नाही. पहिल्यांदाच मी कुणाशी तरी भांडत होतो आणि लोक माझ्याकडे बघत होते.

ठेकेदाराचं ऑफिस बोईसरला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. पत्र्याच्या जिन्याने वर जायचं. दारावरच्या पाटीवर ओळीने लिहिलं होतं: पे अँड पार्क, पाण्याचे टँकर, लेबर सप्लाय. तिसरी ओळ मी वाचली. आमच्या कारखान्यातले हेल्पर ह्याच ठेकेदाराचे होते, ते मला ठाऊक होतं. त्याच्या ओळखपत्रावर हीच पाटी छापलेली मी नऊ वर्षं बघत होतो. तरी मी स्वतःची समजूत घातली, की दंडाचा धंदा वेगळा आणि माणसांचा वेगळा. आत गेलो तर एकाच खोलीत दोन टेबलं होती, पाठीला पाठ लावून. एका टेबलावर पावत्यांची पुस्तकं, दुसऱ्यावर मजुरांच्या हजेरीच्या फायली.

पावत्यांच्या टेबलावर एक मुलगी होती, विशीतली असेल. मी फोटो पुढे टाकले, बोर्डाबद्दल बोललो, मोठ्याने बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

“काका, बसा आधी. पाणी घेता?”

“पाणी नको. दंड रद्द करा.”

“बोर्डाचं मी सांगते वरती. पण वरती काय ऐकायचे नाय. आरसी कुणाच्या नावावर हाय?”

“माझ्या.”

“मग दंड पण तुमच्या नावावर.”

“अहो, पण गाडी मी लावलीच नव्हती. मी त्या वेळी कामावर होतो!”

“असं सांगा ना मग!” तिने खणातून एक छापील फॉर्म काढला. “हे भरा. चालवणाऱ्याचं नाव लिवा, पत्ता लिवा, तुमी कुठं होतात त्याचा पुरावा लावा. तुमचं नाव काढते मी. तुमी मोकळे.”

फॉर्मवर तिसरा रकाना होता: वाहन चालवणाऱ्याचे पूर्ण नाव. मी पेन हातात घेतलं. नाव लिहायचं नाही, हे मला त्या घटकेला कळत होतं. हे मी कुठलीही पळवाट न ठेवता लिहितो आहे. मागच्या टेबलावर हजेरीच्या फायली दिसत होत्या. त्यांच्यातलीच एक आमच्या कारखान्याची. अकरा ते दोन हा माणूस पालघरला होता, असं त्या खोलीत बसून लिहून देणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. पण ती पोर म्हणाली होती, तुमी मोकळे. आणि ह्या लोकांना एक रुपया द्यायचा नाही, हा हट्ट माझ्या डोक्यात असा बसला होता, की त्यापुढे दुसरं काही शिरेना. मी त्याचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. पाड्याचं नावही लिहिलं. अक्षर नीट काढलं.

पुराव्याचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी खात्यातला त्या तारखेचा हजेरीचा कागद घडी घालून खिशात टाकला आणि बोईसरला झेरॉक्सच्या दुकानात गेलो. कागदावर वरती माझं नाव, दोन्ही वेळा हजर. खाली त्याचं नाव, दोन्ही वेळा हजर. दोन्ही माझ्याच हातचं. झेरॉक्सवाल्याने कागद काचेवर ठेवला आणि सवयीने विचारलं, “खालचं झाकू का? फक्त तुमची ओळ पायजे ना?”

माणसं असले कागद रोज घेऊन येत असणार. काय झाकायचं ते त्याला माझ्याआधी दिसलं.

मी म्हटलं, “नको. पूर्ण काढ.”

का म्हटलं? अर्धा झाकलेला कागद खोटा वाटेल, अशी भीती वाटली. मी खोटं बोलत नाही, हे त्या ऑफिसात ठासून दाखवायचं होतं मला. आणि ते दाखवण्यासाठी मी जो कागद नेला, त्यावर माझ्या अक्षरात खोटी हजेरी होती. गंमत म्हणावी तर हसू येत नाही. एक रुपया लागला झेरॉक्सला. कोरा कागद आडवा ठेवायला त्याने वेगळं काही मागितलं नसतं.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. ‘आपले नाव सदर प्रकरणातून वगळण्यात येत आहे.’ मी खात्यात पेढे वाटले. त्यालाही दिला. नाव लिहून दिल्याचं त्याला सांगितलं नाही. त्याने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, “बरं झालं दादा. मला झोपच नव्हती.”

चौथ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमधून बोलावणं आलं. आत ठेकेदाराचा सुपरवायझर बसला होता. टेबलावर मी भरलेला फॉर्म आणि झेरॉक्स, शेजारी पार्किंगचे दोन फोटो. दाराजवळ तो उभा होता, हातात हेल्मेट घेऊन. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

सुपरवायझर गोड आवाजात बोलत होता. “साहेब, आम्ही पूर्ण दिवसाचं बिल लावतो तुम्हाला. उद्या तुम्ही आम्हाला चोर म्हणाल. हा कागद तुमच्याच माणसाने आणून दिला आमच्याकडे. स्वतःहून. आम्ही मागायला गेलो नव्हतो.” मग माझ्याकडे वळून, “काय काका, बरोबर ना? स्वतःहून ना?”

त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला कळलं. दंड नाही भरला ना, घे मग. दोन हजार चारशे त्यांनी असे वसूल केले. मला तेव्हा टेबलावरचं पेपरवेट त्याच्या अंगावर फेकावंसं वाटलं. पण फेकायचं ते मी आधीच फेकून बसलो होतो, आणि ते भलत्याच्याच डोक्यात बसलं होतं.

मॅनेजर वाईट माणूस नाही. त्याला प्रकरण मिटवायचं होतं. प्रश्न विचारता विचारताच तो मला उत्तर देत होता.

“तो सकाळी आला, म्हणून तुम्ही हजर लिहिलंत. दुपारी गडबडीत तसंच लिहिलं गेलं. तुम्हाला न सांगता गेला होता ना तो?”

“हो साहेब.”

“आणि गाडी?”

“चावी खिळ्यावर असते साहेब. कुणीही घेतं.”

हे शेवटचं तर शब्दशः खरं होतं. असं खरं बोलण्याएवढं घाण काम दुसरं नाही. तो दाराजवळून म्हणाला, “दादांनी...”

“काय दादांनी?” मॅनेजरने विचारलं.

मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होतो. महिना कुठला होता ते आठवत नाही. बघत मात्र होतो. बराच वेळ कुणी बोललं नाही. त्याला मी तेवढा वेळ दिला असं म्हणवत नाही. तेवढा वेळ मला मिळाला होता. एक वाक्य बोलायला भरपूर होता.

“काय नाय,” तो म्हणाला.

त्याचं ओळखपत्र तिथेच काढून घेतलं. नावापुढे शेरा लिहिला: पाळीतून पळ, दुसऱ्याचं वाहन परवानगीशिवाय नेलं. मला तोंडी समज मिळाली, कंपनीचा कागद बाहेर नेल्याबद्दल. बाहेर आलो तर खात्यातल्या एकाने पाठीवर थाप मारली, “वाचलास बाबा.” घरी बायकोने विचारलं, “तो हेल्पर दिसत नाय हल्ली? आमच्याकडे वाल घेऊन यायचा.” मी म्हटलं, ठेका बदलला. ती म्हणाली, “त्याच्या पोरीला झबलं शिवून ठेवलंय मी. देणार कुणाला?” मी टीव्हीचा आवाज वाढवला.

शेऱ्याचं पुढे काय होतं, ते मला माहीत नव्हतं. म्हणजे विचारलं नव्हतं, म्हणून माहीत नव्हतं.

ह्या वर्षी मेव्हण्याकडे एडवणला गेलो होतो. सकाळी किनाऱ्यावर मासळी घ्यायला उतरलो, तर बोटीवरून पाट्या उतरवणाऱ्यांत तो दिसला. डोंगरातला माणूस, कमरेएवढ्या पाण्यात. तोंड काळवंडलेलं, खांद्याला मिठाने पडलेल्या चिरा. त्याने मला आधी बघितलं.

“काय दादा! गाडी कुठं लावली? बघा हां, बोर्ड-बिर्ड हाय का तिकडं.”

बाजूचे दोघं हसले. त्यांना त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे. मी विचारलं, मुलगी कशी आहे?

“चालते. पडते, परत चालते.”

“तू इकडे कसा?”

“मग कुठं जाणार?” पाटी वाळूत आपटून तो माझ्यासमोर उभा राहिला. “चार कंपन्यांत गेलो. गेटवर पास काढायला नाव टाकलं की लाल येतं त्यांच्या कॉम्प्युटरवर. सगळे ठेकेदार एकमेकांना यादी देतात. गाडीचोर लिवलंय. नऊ वरसं तुमच्या डब्यातलं खाल्लं दादा, आणि चोर तुमच्या गाडीचा झालो. पहिल्या दिवशी बोटीवर आतडं बाहेर येस्तोवर ओकलो. हे लोक म्हणाले, चोरी करताना नाय का रे ओकलास? त्यांना पण कळलं होतं.”

“मी बोलतो साहेबांशी.”

“बोला ना. कोणी तोंड धरलंय तुमचं?”

त्याने पाटी उचलली आणि तो गेला. मी मासळी न घेताच वर आलो. मेव्हणा म्हणाला, बाजार महाग होता का? मी म्हटलं, हो.

त्या भेटीला चार महिने झाले. मी रोज कामावर जातो. मॅनेजरच्या केबिनवरून रोज दोनदा जातो. दार उघडंच असतं. मला कशाची भीती आहे, तेही सांगून टाकतो: खोटी हजेरी जाणूनबुजून लिहिली असं कबूल केलं, तर चौकशी लागेल. निवृत्तीला सहा वर्षं राहिली आहेत, शेवटच्या हिशेबातून काही कापतील, खात्यातले दुसरे ऑपरेटर माझ्यावर चिडतील, कारण मग त्यांचेही कागद उघडतील. ह्यातलं एकही कारण त्याच्या पोरीला सांगण्यासारखं नाही. त्या ठेकेदाराचा मला अजून राग येतो, फलकामागच्या बोर्डाचा येतो, गोड बोलणाऱ्या सुपरवायझरचा येतो. पण रागाचा उपयोग मी कशासाठी करतो, ते आता मला कळायला लागलं आहे. तो राग आला की मला तेवढ्यापुरतं माझं तोंड बघावं लागत नाही.

हे लिहून काही होत नाही. तो हे वाचणार नाही. वाचलं तरी ह्याने गेटवरचं लाल पुसलं जात नाही.

मी त्याचं देणं लागतो ते एवढं: मॅनेजर आणि ठेकेदाराचा माणूस समोर असताना, त्याला शेजारी उभं करून, मीच त्याला पाठवलं होतं आणि नंतर खोटं बोललो असं सांगायचं, त्याखाली सही करायची आणि त्याच्या नावापुढचा शेरा पुसल्याशिवाय तिथून उठायचं नाही. हे मी अजून केलेलं नाही.